सांगणारा घरातलाच

मी, चौकातल्या औषधाच्या दुकानाची मालकीण, सभागृहाची माजी सदस्य, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कारण उद्या माझ्याच घरातलं कुणीतरी “म्हातारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं” म्हणायला कमी करणार नाही. आधीचं मृत्युपत्र मी फाडलं आहे. त्याची नक्कल कुणी दाखवलीच, तर ती त्याच्या हाती कशी लागली ते आधी विचारावं.

वाटणीचा अर्थ लागावा म्हणून थोडी हकीकत. माझा जन्म सीमेपलीकडचा; वडील तिथे पुलाच्या कामावर होते. मी तान्ही असतानाच आम्ही परतलो. लग्नानंतर काही वर्षांनी माझे पती, वीजखात्यातले लाइनमन, खांबावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. पलीकडे इलाज होता, पण फक्त तिथल्या नागरिकांच्या कुटुंबाला. जन्माच्या हक्कावर मी तिथलं नागरिकत्व घेतलं. पती काठी टेकत का होईना, पण चालत घरी आले. मग नागरिकत्व सोडत असल्याचा अर्ज मी रीतसर पाठवला आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

दुकानात लोक औषधाच्या चिठ्ठीबरोबर गाऱ्हाणीही आणत. नळाला पाणी नाही, पेन्शन अडली. ती निस्तरता निस्तरता मी सभागृहात पोचले. दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा माझ्याविरुद्ध पडलेल्या, बाजारात चपलांचं दुकान असलेल्या चप्पलवाल्यानं कोर्टात दावा लावला : बाई दोन देशांच्या नागरिक आहेत. पलीकडच्या कचेरीत माझा अर्ज मंजुरीवाचून धूळ खात पडला होता. कोर्ट म्हणालं, तुम्ही सोडलं म्हणून सुटत नाही, त्यांनी सोडायला हवं. सदस्यत्व रद्द झालं. पोटनिवडणुकीत चप्पलवाला निवडून आला. पलीकडची मंजुरी त्यानंतर आली. वरातीमागून घोडं.

पलीकडच्या नागरिकत्वाची ही गोष्ट दाव्याआधी घरात पती आणि माझी धाकटी बहीण, आणि बाहेर माझा चिटणीस, एवढ्यांनाच ठाऊक होती.

चिटणिसाला कार्यालयातलं लोखंडी कपाट द्यावं, रिकामं करून. माझी खुर्ची गेली त्याच महिन्यात तो चप्पलवाल्याकडे रुजू झाला. म्हणाला, “बाई, पोटाचा प्रश्न आहे.” पोट त्याचं आधीही बऱ्यापैकी पुढे होतं.

बहिणीबद्दल. ती शिवणकाम करते. पलीकडच्या इस्पितळात तिनं माझ्याबरोबरीनं पतींची उस्तवार केली, हे मी विसरलेले नाही. पण दाव्याच्या आधी चप्पलवाल्याची बायको तिच्याकडे कपडे टाकायला येत असे, आणि मशीनबरोबर जिभाही चालतातच. मी तोंडावर विचारलं. ती हसली. “ताई, तुझ्या खुर्चीचं मी काय करणार होते? तिच्यावर बसून काजं करू?” त्या हसण्यावरून मी तिच्याशी बोलणं टाकलं. फाडलेल्या मृत्युपत्रात तिचं नाव नव्हतं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी चप्पलवाल्यानं करावी. लोक तोंडात बोट घालतील. पण उघड वैर करणारा तेवढा एकच माणूस मला भेटला. त्याच्या मनात काय आहे याचा मला कधी अंदाज बांधावा लागला नाही. माझ्या हृदयाच्या दुखण्यात तो इस्पितळात आला होता. मी विचारलं, “सांगितलं कुणी?”

“तुमच्या घरातल्यानंच.”

“नाव?”

“खुर्ची घेतली तेवढं पुरे, बाई. घर नाही मोडायचं मला.”

नाव न सांगूनही घर मोडता येतं, हे त्याला कळत नसेल असं नाही.

दुकान तिथल्या कामगार बाईला चालवायला द्यावं. नफ्यातला अर्धा वाटा तिचा, अर्धा पतींचा.

राहतं घर. गेल्या महिन्यात जेवताना पतींनी घास खाली ठेवला. म्हणाले, “मीच बोललो होतो. दाढी करताना, न्हाव्यापाशी.”

“काय बोललात?”

“माझ्या बायकोनं माझ्या पायांसाठी दुसरा देश जोडला, म्हटलं. अभिमानानं बोललो गं. दुकानात आणखी कोण बसलंय ते पाहिलंच नाही.”

तो न्हावी आता हयात नाही. हेही सोयीचंच. शिवाय आदल्याच दिवशी बहीण दारापर्यंत येऊन परत गेली होती आणि ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत बसले होते. आम्हा दोघींना जवळ आणायला त्यांनी आळ स्वतःवर घेतला नसेल कशावरून? पुष्कळ उलटसुलट विचारलं. त्यांचं उत्तर बदललं नाही; खरंही बदलत नाही आणि पाठ केलेलंही. बोलले असतील तर माझ्या अभिमानापोटी, खोटं सांगत असतील तर माझ्याच काळजीपोटी. तेव्हा घर हयातीपर्यंत त्यांचं, आणि त्यांच्यामागे बहिणीचं. तिला मी निर्दोष ठरवलेलं नाही. घर मात्र देत आहे.

माझ्या अंत्ययात्रेत सरकारी मानवंदना नको. कुठल्याच देशाची.

हे लिहिताना बहीण बाहेरच्या खोलीत बसली आहे. मीच निरोप धाडला होता. येताच तिनं विचारलं, “चहा टाकू का, ताई?” संशय अजून फिटलेला नाही. कप मात्र रिकामा केला आहे.

स्थळ : राहत्या घरातलं स्वयंपाकघर
दिनांक : ९ मार्च, सोमवार

(सही) मृत्युपत्र करणार, औषधवाल्या बाई

आमच्यासमक्ष सही केली :
१. (सही) बाईंचे डॉक्टर
२. (सही) समोरच्या छापखान्याचे मालक