कुड्याच्या शेंगा

१२ फेब्रुवारी १९९६, इंदिरानगर

अंगणातल्या कुड्याची पानं पार गळली, तेव्हा आज शेंगा नीट दिसल्या. जोडीनं लोंबणाऱ्या, टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे हा काळा कुडा! पांढऱ्याच्या शेंगा टोकाला सुट्या असतात. बी रुजल्यापासून हे काळाच म्हणत होते, मी पांढरा. "शेंगा धरू देत, मग बघू तुझा तोरा," म्हणायचे. शेंगा धरायच्या आधीच गेले.

शेजारच्या बेळगावच्या अक्कांना मुद्दाम बोलावून दाखवलं. "सरी, छान आहे की!" त्यांच्या कानडीत 'बरं' म्हणत म्हणाल्या आणि गॅसवरच्या दुधाकडे पळाल्या. त्यांना काय त्याचं!

दिवेलागणीला परत जाऊन पाहिलं. टोकं चिकटलेलीच. "हरले हो मी," मोठ्यानं म्हटलं. चिडवायला कोणी नव्हतं.