कंदील कंपनीची मालकीण

पनवेल,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप मामांस गोदूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिले खरे, पण मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे, तेव्हा आठांपैकी निदान दोन अंगे आत्ता मोकळी नाहीत. ती भेटल्यावर पुरी करीन.) तुमचे गुडघे आणि मामीचा खोकला कसा आहे ते कळवावे. खोकल्यासाठी अडुळसा पाठवणार होते, पण तो शेजारच्या कुंपणातला आहे आणि शेजारी लग्नाला गेले आहेत. ते आले की विचारून तोडीन. आई बरी आहे. मालू मॅट्रिकच्या अभ्यासाला लागली आहे. दादा मिठागरावर वेळेवर जातात आणि घरी आल्यावर सर्वांवर रागावतात, म्हणजे तेही ठीक आहेत.

पत्रास कारण, मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला दिलेले दीपमाला कंदील कंपनीचे शेअर्स. "साडी विरते, शेअर विरत नाही, आजपासून तू कंपनीची मालकीण," असे तुम्ही म्हणाला होता. तुम्ही कदाचित थट्टेने म्हणाला असाल, पण माझी पहिली शाळा दादांच्या पाटासमोर झाली, आणि त्या शाळेत वडीलधाऱ्यांचे बोलणे थट्टेवारी नेत नसत. दादांनी त्या दिवशी "मेहुण्याने माझ्या पोरीच्या हाती जुगार दिला" म्हणून ताटावरून उठून दाखवले आणि दुसऱ्याच दिवशी मिठागरावर सगळ्यांना सांगून आले की आमची गोदू कंदील कंपनीची मालकीण आहे. त्यानंतर जे सुरू झाले ते तुम्हाला मुंबईस बसून कळायचे नाही. करंज्याहून सुकट विकायला येणारी गंगाबाई टोपली उतरवण्याआधी कंदील माझ्यापुढे आदळून म्हणाली, "गोदूताय, तुजा कंदील वारा सुटायच्या आदीच इझतो. मालकीण हायस नं? मंग दे करून!" मी तिला समजावले की मी फार लहान मालकीण आहे. ती म्हणाली, "ल्हान हायस तं ल्हान काच दे." मी दिली. (कंदिलाला लहान काच बसत नाही, म्हणून मग मोठी दिली.) पुढे मोळीविक्या शुक्रा कंदील घेऊन आला. तो तर आपल्या कंपनीचा नव्हताच. तसे मी दाखवूनही दिले. त्यावर त्याने शांतपणे विचारले, "ताय, पन कंदील तं हाय ना?" मी त्यालाही काच बसवून दिली. असा माझा पहिला लाभांश लोकांच्या काचांत गेला, आणि आईला घ्यायचे पातळ अजून दुकानातच आहे. वात वरखाली करायची चावी सैल असते असे मी कंपनीला सविस्तर कळवले, तेव्हा त्यांनी आभाराचा छापील कागद आणि एक कॅलेंडर पाठवले. कॅलेंडरावर एक बाई हसतमुखाने कंदील धरून उभी आहे. तिचीही चावी सैल असावी, कारण वात एका अंगाने चढली आहे.

बरे, तोट्याचे दुःख असते तसे फायद्याचे असू नये, पण मला तेही झाले. गणपतीच्या सुमारास भाव चढल्याचे तुमचे पत्र आले, त्या दिवशी मी गवारीच्या शिरा काढत बसले होते. कंपनीसाठी मी बोटसुद्धा हलवले नव्हते, आणि तरी मी सकाळपेक्षा श्रीमंत झाले होते! मला जेवण गेले नाही. दादा तेव्हापासून शिळे वर्तमानपत्र मागवून भावाचा कोपरा वाचू लागले. वाचताना "जुगार, जुगार" असे पुटपुटत, पण बोट ओळीवरून हलू देत नसत.

आणि आता आमच्या आळीत विजेचे खांब आले आहेत. बाकी गावात दिवे केव्हाच लागले. आमची आळी मागे राहिली होती. खांब उभा राहिला तेव्हा सगळ्यांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. माझ्या हाती खोबरे आले तेव्हा मी मोठ्या पेचात पडले. कंदील कंपनीच्या मालकिणीने खांबाचा प्रसाद खावा का? (प्रसाद टाकणे पाप, म्हणून खाल्ला. पण गोड मानून घेतला नाही.) वायरमन काळूराम सांगून गेला आहे की जो महिनाअखेरपर्यंत अनामत भरील त्याच्या घरी तार येईल, बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहावी. दादा म्हणाले, "पैसे नाहीत. मी कंदिलावर शिकलो, तुम्हालाही शिकवले." पण मामा, मालूची परीक्षा पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नाही. पेठेतल्या गुजराच्या दुकानातून ओट्यावर जो उजेड पडतो, त्यात ती पुस्तक तिरके धरून बसते. त्याने फळ्या लावल्या की उठून येते, आणि मग माझ्याच कंपनीचा कंदील तिच्या वहीवर काजळी धरतो. परवा ती म्हणाली, "ताई, तुझ्या मालकीचा उजेड थोडा वाढव ना." तिने चेष्टाच केली, पण मला रडू आले.

तेव्हा शेअर्स विकून अनामत भरावी असे मी ठरवले. पण येथेच माझे घोडे अडले आहे. आमच्या आजोबांची म्हैस तुम्हाला ठाऊक आहेच. ती लाथ मारी. आजोबा तिला आपटा गावच्या बाजारात घेऊन जात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी "लाथ मारते हो" असे सांगून संध्याकाळी तिला घेऊन परत येत. दादांनी मला अक्षरे गिरवायला शिकवली त्याच आठवड्यात ही गोष्ट सांगितली, आणि म्हणाले, आपल्या घराण्यात वस्तूचा दोष झाकून विकत नाहीत. आता मला ठाऊक आहे की चावी सैल आहे. मला ठाऊक आहे की वीज येते आहे. हे जाणून मी ते शेअर्स कोणा अजाण माणसाच्या गळ्यात कसे घालू? तुम्ही मागच्या पत्रात लिहिलेत की बाजारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना पाहतही नाहीत. मग लाथ सांगायची कोणाला? म्हणून माझी एवढीच विनंती, की सौदा होण्याआधी जो कोणी घेणारा असेल त्याला तुमच्या दलालशेटजींच्या मार्फत माझ्या नावाने सर्व समजावून सांगावे, आणि तरीही तो घेईन म्हणाला तरच द्यावे. तसा माणूस मिळाला नाही तर शेअर्स माझ्याचपाशी राहोत. मालूला मी कसेही समजावीन.

मामीस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. उरलेली दोन अंगे जमेस धरावीत ही विनंती.

तुमची आज्ञाधारक भाची,
गोदू

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दादा आले. म्हणाले, "मामाला लिहितेच आहेस, तर माझीही एक ओळ घाल. वेगळे तिकीट कशाला?" आणि त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहिते: "कंदील कंपनीचा भाव पडला आहे. तेवढ्यात माझ्या नावाने जमतील तितके शेअर्स घेऊन टाकावे. पैसे मनीऑर्डरने पाठवतो. घरात बोलू नये."

आणखी ता. क. मामा, मी माझे कर्तव्य केले. चावी सैल आहे, वात चढते, आळीत वीज येते आहे, गंगाबाई काय म्हणाली, सर्व सांगितले. म्हशीची आठवणही दिली. दादा हसून म्हणाले, "तुला धंदा कळत नाही. सगळे विकतात तेव्हा घ्यायचे असते. आणि वीज जाईल तेव्हा लोक काय काजवे धरतील?" विकणारी मीच आहे हे सांगायलाही तोंड उघडले होते, पण ते म्हणाले, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." हेही त्यांनीच शिकवलेले आहे, म्हणून गप्प बसले.

तरी वरची विनंती रद्द समजावी. घेणाऱ्याला लाथ सांगून झाली आहे आणि त्याला म्हैस हवीच आहे. बाजारचा जो भाव असेल तो पुरा लावावा, वडील म्हणून सूट देऊ नये, आणि अनामतीचे पैसे महिनाअखेरच्या आत पाठवावेत. विकणारी कोण ते दादांना मी स्वतःच सांगेन, पण घरात विजेचा दिवा लागल्यावर. आत्ता त्यांच्या हातात कंदील आहे.