सहाव्या रांगेतल्या दोन खुर्च्या

पेओली, इंडियाना
१२ ऑक्टोबर २०२४

चि. कॅरिसा हिस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. तू फोन करा म्हणतेस, पण चौतीस वर्षं घरोघर पत्रं टाकलेल्या माणसाने मुलीची खुशाली फोनवर विचारायची म्हणजे सुताराने बाजारातून स्टूल विकत आणण्यासारखं आहे.

परसात पर्सिमनच्या फळांचा नुसता सडा पडला आहे. तुझ्या आईच्या पद्धतीने पुडिंग करून पाहिलं. खाली जरा लागलं, पण वरचं चांगलं होतं. गुडघा आहे तसाच आहे.

आता मुद्द्याचं. काल तुमच्या बास्केटबॉल क्लबचं पाकीट आलं. पुढच्या मोसमात सभासदत्व चालू ठेवायचं असेल तर सहाव्या रांगेतल्या आपल्या दोन खुर्च्यांचे तीन हजार सहाशे ऐंशी डॉलर भरा म्हणतात. यंदा मी नऊशे वीस भरले होते. छापताना कुठेतरी गफलत झाली असणार, म्हणून तुला कळवतो. पत्राखाली सही तुझीच आहे. ‘आमच्या मौल्यवान सभासदा’ असं तू मला आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलंस. तुझी आई असती तर ते पत्र तिने भिंतीवर लावलं असतं.

मिसेस टिब्सचाही फोन आला होता. पलीकडच्या खुर्चीवरच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या त्या. त्यांनाही चौपट लिहून आलंय. मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, माझी मुलगी तिथेच आहे, ती बघून घेईल.

पंधरा नोव्हेंबरची मुदत आहे, तेवढं लक्षात ठेव. थंडी सुरू झाली आहे, मोजे घालत जा.

तुझा,
बाबा

*

लुईव्हिल
१८ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

चूक नाही, बाबा. आकडा बरोबर आहे.

डेव्हनी संघात खेळायला आल्यापासून काय झालंय ते तुम्ही पाहताच आहात. तीन वर्षांपूर्वी आम्ही किराणा दुकानांतून लार्क्सची तिकिटं फुकट वाटत होतो. आता सभासद व्हायला अकरा हजार लोकांची यादी आहे. सहावी रांग मैदानापासून इतकी जवळ आहे की एकेका सामन्याला लोक तिथे काय मोजतात ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

मी साहेबांकडे गेले होते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले की एकाला सूट दिली तर उद्या सगळे दारात उभे राहतील, शिवाय ते तुझे वडील, म्हणजे तर मुळीच नाही. वरच्या मजल्यावर जुन्याच भावात दोन जागा मिळू शकतात. पण तिथले जिने तुमच्या गुडघ्याला झेपणार नाहीत हे मला माहीत आहे. कर्मचाऱ्यांना वर्षात चार सामन्यांचे पास मिळतात, ते मी तुमच्यासाठी ठेवीन.

सहीचं म्हणाल तर ती छापलेली असते. सगळ्यांनाच माझ्या नावाने पत्र जातं.

पुडिंग करताना भांड्याखाली पाण्याचं ताट ठेवायचं असतं. आई तसंच करायची. मिसेस टिब्सना मी काय सांगू ते तुम्हीच सुचवा.

तुमची,
कॅरिसा

*

पेओली
२५ ऑक्टोबर २०२४

चि. कॅरिसा हिस,
अ. आ.

पास नकोत. चार सामन्यांचा पाहुणा व्हायला मी काही नवखा नाही.

तू आठ वर्षांची होतीस तेव्हा आपण त्या खुर्च्या घेतल्या. हॉलमध्ये माणसं इतकी कमी असायची की खेळाडूंच्या बुटांचा आवाज वरपर्यंत ऐकू यायचा. तुझी आई म्हणायची, मुलींचा खेळ बघायला मुलीलाच घेऊन जा, तिला कळू दे. एका हिवाळ्यात सरावाच्या दिवशी हॉल तापवायचं यंत्र बंद पडलं, तेव्हा मिसेस टिब्सनी मुलींच्या बाकावर घरच्या रजया नेऊन टाकल्या होत्या. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. आम्हाला हौस होती, आम्ही गेलो.

परवा त्या तुमच्या कार्यालयात जाऊन आल्या. डोक्यावर संघाची टोपी, हातात चोवीस वर्षांच्या पावत्या. खिडकीतली मुलगी फार गोड बोलली म्हणे, पाणी दिलं, आणि त्याच कागदाची दुसरी प्रत काढून दिली. टिब्सबाई तो कागद घेऊन बसथांब्यावर बसून राहिल्या. दोन बस गेल्या तरी उठल्या नाहीत, असं त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. आपल्याच रांगेच्या टोकाला तो हार्मन बसतो ना, दात करणारा डॉक्टर, त्याने दोनच वर्षांपूर्वी जागा घेतली. त्याला दुप्पट लावले आहेत. रांग तीच, खुर्ची तीच. मग त्याला दुप्पट आणि आम्हाला चौपट का? मी पत्रं वाटायचो तेव्हा एकाच गल्लीत दोन दर नव्हते. तुला माहीत असेल तर सांग. नसेल तर विचारून सांग.

उत्तराची वाट बघणारा,
बाबा

*

लुईव्हिल
१ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. विचारून सांगायची गरज नाही, मला माहीत आहे.

गेल्या मार्चमध्ये साहेबांनी मला सगळ्या सभासदांचा तक्ता करायला सांगितला. कोण किती वर्षं येतंय, किती सामने चुकवले, संघ हरत असताना कोण टिकून राहिलं. त्यावरून प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्यायचे होते. मला वाटलं, जुन्या लोकांचा सत्कार करणार असतील, जाकीट वगैरे देतील. तसंच काहीसं ते बोललेही होते. मी फार मन लावून केलं, बाबा. सर्वांत जास्त गुण तुम्हाला पडले. अठ्ठ्याण्णव. मिसेस टिब्सना सत्त्याण्णव.

बैठकीत साहेबांनी वरच्या नावांवर बोट ठेवून विचारलं, “ही माणसं काहीही झालं तरी सोडणार नाहीत?”

मी म्हटलं, “नाही सोडणार. यातले एक माझे वडील आहेत. ते मरेपर्यंत येतील.”

मी अभिमानाने सांगितलं. सगळे हसले, मीही हसले.

पुढे किमती ठरवणाऱ्यांच्या हातात तोच तक्ता गेला. यादीत नाव घालायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्या अकरा हजारांतले किती जण खरंच भरतील याचा भरवसा नाही. हार्मनसारखे डेव्हनीसाठी आले आहेत, जास्त मागितले तर उठून जातील. जे जाणार नाहीत त्यांच्याकडून जास्त घ्यायचं, असं ठरलं. ज्याला गुण जास्त त्याला वाढ जास्त. मला कळलं तोवर पत्रं छापून झाली होती.

नोकरी सोडावीशी वाटते. सोडू का ते सांगा. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण पत्र पाठवायचं थांबवू नका.

तुमची,
कॅरिसा

*

पेओली
१४ नोव्हेंबर २०२४

चि. कॅरिसा हिस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हतो. दोनदा कागद घेऊन बसलो, आणि दोन्ही वेळा नुसता तुझा मायना लिहून उठलो.

तुझं गणित बरोबर आहे. मी आज पैसे भरले. माझी होडी शेजारच्या फॅरेलला विकून टाकली. तशीही दोन वर्षांत पाण्यात नेली नव्हती. एक खुर्ची माझी, दुसऱ्या खुर्चीवर मिसेस टिब्स बसतील. त्यांची स्वतःची गेली, त्यांना जमणारच नव्हतं. आधी ऐकेनात. मी त्यांना म्हटलं, माझी मुलगी आता त्या खुर्चीवर बसत नाही, तिला सामना उभ्याने बघायचा पगार मिळतो, तेव्हा खुर्ची रिकामीच आहे.

हे तुझ्या साहेबांना सांगू नकोस, त्यांना आनंद होईल.

नोकरी सोडू नकोस. तू सोडलीस तर तक्ता दुसरं कोणीतरी करील, आणि त्याला सहावी रांग कुठे आहे हेसुद्धा माहीत नसेल. रागाचं विचारलंस. राग शोधला, सापडला नाही. तू माझ्याबद्दल त्या लोकांना जे सांगितलंस ते खरंच आहे. पण खरं बोलल्याचं असं होतं हे मला सत्तराव्या वर्षी कळलं, आणि ते कुठे ठेवावं समजत नाही.

मिसेस टिब्सना हे तक्त्याचं मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. त्यांना सत्त्याण्णव गुण मिळाल्याचा आनंद होईल आणि तो मला बघवणार नाही.

तुझा,
बाबा

*

लुईव्हिल
२४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल मध्यंतरात तुम्हाला भेटायला जिन्यापाशी आले, पण दोन मिनिटांतच मला वर बोलावलं. तुम्ही काहीतरी सांगत होता ते अर्धंच राहिलं.

मी वरून बघत होते. गेले तीन सामने मिसेस टिब्स नाहीत. काल त्यांच्या खुर्चीवर तुमचा कोट होता. बऱ्या आहेत ना? त्यांच्या घरी फोन केला तर कोणी उचलत नाही.

आणखी एक, आधीच सांगून ठेवते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पत्रं जातील. आकडा मला अजून कोणी सांगितलेला नाही, पण कमी होणार नाही. तक्ता या वेळी मी केला नाही. नकार दिला म्हणून नव्हे. आता तो यंत्रच करतं. सही माझीच राहील. ती काढा म्हणून मी अर्ज केला होता, तर म्हणाले की तुझ्या नावाच्या पत्राला लोक जास्त उत्तर देतात.

टोमॅटो मिळाले. एकही फुटला नव्हता. ऑफिसात सगळ्यांनी मीठ लावून खाल्ले, साहेबांनी दोन.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून,
कॅरिसा

*

पेओली
९ ऑक्टोबर २०२५

चि. कॅरिसा हिस,
अ. आ. वि. वि.

मिसेस टिब्स बऱ्या आहेत. लेक्सिंग्टनला भाचीकडे राहायला गेल्या. जायच्या आधी फोनवर खूप बोलल्या. म्हणाल्या, लॉइड, तिथे गेलं की आता मला पाहुण्यासारखं वाटतं. ते खरं आहे. यंदा आपल्या रांगेत दर सामन्याला नवी माणसं होती. खुर्च्यांचे मालक घरी बसून जागा विकतात आणि येणारा एकदाच येतो. माणसं चांगली असतात. मुलींना बघून लहान पोरी ओरडतात ते मला आवडतं, त्याच्यासाठीच तर आपण गेलो होतो. पण एकाला विचारावं की बायकोची शस्त्रक्रिया कशी झाली, तर तो माणूसच पुन्हा दिसत नाही.

जुलैत एका तरुणाने माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी अदबीने विचारलं, “आजोबा, या खुर्चीचे किती घ्याल?” मी म्हटलं विकायची नाही. तो म्हणाला, सगळं विकायचंच असतं, आकडा सांगा. मी त्याला माझे शेंगदाणे दिले.

तुमच्या क्लबचं पत्र आलं. या वर्षी भरणार नाही. विकायला दुसरी होडी नाही, हे एक कारण झालं. पण असती तरी विकली असती का, हे रात्रंदिवस स्वतःला विचारतोय, आणि उत्तर येत नाही. तेव्हा तुझं गणित चुकलं असं म्हणू नकोस, आणि बरोबर होतं असंही म्हणू नकोस.

तुमच्या ऑफिसातल्या एका मुलीचा फोन आला होता, सोडण्याचं कारण विचारत होती. कागदावर भरावं लागतं म्हणाली. मी तिला सांगितलं, माझ्या मुलीला कळवतो, ती भरेल. तर तू भर. ‘किंमत’ असं लिहू नकोस. तसं लिहिलंस तर त्यांना वाटेल, थोडी कमी केली असती तर हा आला असता. ‘प्रकृती’ लिहू नकोस, गुडघा बरा आहे. तुला सुचेल ते लिही.

उन्हाळ्यात आपण कधी भेटायचं ते मात्र मला ठरवता येत नाही. तुझे सगळे शनिवार-रविवार तिथेच जातात, आणि मला तिथे यायला आता कारण नाही. बघू. मोसम मेमध्ये सुरू होईल, मे महिना लांब आहे.

तुझा,
बाबा

*

लुईव्हिल
१६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मी पुढच्या रविवारी येते. मुक्कामाला येते, सकाळी लवकर निघायचं नाही. मे महिन्याचं मलाही सुचत नाही.

आज तुमचा कागद भरला. म्हणजे संगणकावर भरला. कारणांत सहा पर्याय आहेत: किंमत, स्थलांतर, प्रकृती, संघाची कामगिरी, मृत्यू आणि इतर. सहाही पुन्हा पुन्हा वाचले. शेजारची म्हणाली, काय गं, अडलं का कुठे? मी म्हटलं, नाही, जुने सभासद आहेत.

‘इतर’वर खूण केली. तर खाली एक चौकट उघडली आणि त्यात विचारलं, ‘इतर म्हणजे काय ते थोडक्यात लिहा.’ चाळीस अक्षरांची जागा होती. आधी पंचवीस वर्षं असं लिहिलं, मग पुसलं. मिसेस टिब्सचं नाव लिहिलं, तेही पुसलं. मग माझं नाव लिहिलं, आणि ते मात्र जरा वेळ तसंच ठेवून बघत राहिले.

शेवटी चौकट रिकामी ठेवून पुढे जाऊन बघितलं, तर जाऊ देईना. म्हणून एक टिंब दिलं. ते त्याला चाललं. तुमच्या खुर्च्यांवर दुसरी नावं यायला चार मिनिटं लागली.

लोभ असू द्या, बाबा.

तुमची,
कॅरिसा