स्वल्प भय

यशवंतपूर, बंगलोर
१५ फेब्रुवारी १९९७, संध्याकाळचे पाच

प्रिय सुखदा,

पाकिटावर तिकीट नाही आणि गाव तुझंच, तेव्हा तू ते दोनदा उलटसुलट करून पाहशील. अक्षर ओळखून न फोडता ठेवून देऊ नकोस, एवढी पहिली विनंती. मी यशवंतपूरच्या बाजाराला लागून असलेल्या एका लॉजवर बसलोय. खाली कांद्याची पोती उतरताहेत, माझा उजवा गुडघा फुगलाय, आणि भिंतीला टेकून आपली जुनी काळी सायकल उभी आहे. होय, तीच. बेळगावहून तिच्यावर बसून आलो. नऊ दिवस लागले, बरोबर कोणी नाही. तुझं इंदिरानगर इथून सायकलनं तासाभरावर, आणि उद्या सकाळी मला तुझ्या गेटातून आत यायचंय. नऊ दिवस सोपे होते. हा तास अवघड आहे.

बावन्नाव्या वर्षी हे कसलं खूळ, असं आई विचारेल. तिला सांग, बसला माझी शपथ आडवी येते. श्याऐंशीच्या सीमा-चळवळीत गल्लीतल्या सभेत उभं राहून मी शपथ घेतली होती, की कर्नाटक सरकारच्या बसमध्ये पाय ठेवणार नाही आणि तोंडातून कानडीचा एक शब्द काढणार नाही. माझ्याबरोबर अकरा जणांनी घेतली. पुढच्या आठवड्यात ते सगळे एकाच बसनं धारवाडला लग्नाला गेले. मी मात्र अकरा वर्षं पाळली. लहानपणी शेजारच्या अंगणात कानडीतून भांडत वाढलेला माणूस मी, पण भाजीवालीनं कानडीत काही विचारलं की चेहरा असा करायचा, जणू ती चिनी बोलतेय. मग ती निमूटपणे मराठीत विचारायची. मला येतं हे तिला ठाऊक, तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक. आपल्या गावात हा प्रयोग रोज होतो आणि कोणी कंटाळत नाही. रेल्वे केंद्र सरकारची, तिला शपथ लागू नव्हती. पण रेल्वेचं शेवटी सांगतो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आपल्याकडे लेक आली नाही, आईच बॅग भरून लेकीकडे गेली. का, ते मला कोणी सांगितलं नाही, इतक्या तुम्ही दोघी सभ्य. लग्नाला मी आलो नाही ते एक, आणि वर दिवाळी अंकात ‘सीमेवरचा जावई’ लिहून तुझ्या नवऱ्याच्या बोलण्याची, जेवणाची, गळ्यातल्या लिंगाचीसुद्धा टर उडवली ते दुसरं. लोक खूप हसले. तू ते कात्रण पाकिटात घालून परत पाठवलंस, सोबत एक ओळही नाही. माझ्या लिखाणावर इतका नेमका अभिप्राय आजवर कोणी दिला नव्हता. त्यातला एकही विनोद त्यानंतर मला हसवू शकला नाही. या महिन्याच्या सुरुवातीला मी रिकाम्या घरात डिंकाचे लाडू वळायला घेतले. गुळाचा पाक कुठे थांबवायचा ते मला कळत नाही. कुठे थांबायचं हे मला एकंदरीतच कळत नाही. लाडू दगड झाले. तसेच डब्यात भरले, डबा कॅरिअरला बांधला आणि निघालो.

आठ दिवस बरे गेले. हावेरीत ऊन, चित्रदुर्गाला चढ, बाकी गाडी रस्त्यावर. आजचा दिवस मात्र माझ्या मापाचा निघाला. तुमकूर सोडलं तेव्हाच वारा समोरून सुरू झाला, आणि असा की उतारावरही पेडल मारावं लागावं. ट्रक कानाजवळून जायचे आणि त्यांच्या हवेनं सायकल मातीत उतरायची. नेलमंगलच्या अलीकडे टायर चिरला. आत जुन्या ट्यूबचा तुकडा घालून तो कसाबसा बसवला. बंगलोरच्या वेशीवर पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत शिरलो तर फ्रीव्हील घसरायला लागलं. पेडल फिरतं, साखळी फिरते, मागचं चाक जागचं हलत नाही. सीमाप्रश्नावरच्या समित्यांचं काम मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. एका कारखान्यासमोर जोर लावला, पाय सटकला आणि मी सायकलसकट आडवा झालो. डबा उघडला. लाडू रस्त्यावरून गडगडत गटाराच्या कडेला जाऊन थांबले. एकही फुटला नाही.

तिथे गंगव्वा नावाच्या बाईची चहाची टपरी आहे. तिनं मला बाकावर बसवलं, आणि चहा प्यायला आलेल्या कल्लाप्पानं सायकल उचलली. तो शेजारच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. मी सवयीनं चेहरा कोरा केला, हिंदीत आभार मानले आणि खुणांनी फ्रीव्हील दाखवलं. त्यानं जेवणाच्या सुट्टीत ते खोललं. आतली केसाएवढी स्प्रिंग तुटली होती, ती त्यानं वर्कशॉपमधल्या तारेतून वळून बसवली. आणि तोवर दोघं माझ्यासमोर माझ्याविषयी कानडीत बोलत होते. तुझ्यासाठी मराठीत उतरवतो. गंगव्वा लाडू वेचत म्हणाली, “हे बाळंतिणीचे आहेत रे. पण बाईमाणसानं केलेले नाहीत.” कल्लाप्पा म्हणाला, “बाईमाणूस असतं तर ह्यांना सायकलवर सोडलं असतं का? पिशवीवर बेळगावच्या दुकानाचं नाव आहे, अक्का. म्हणजे कानडी येतंय ह्यांना. बोलायचं नाही, एवढंच.” ती म्हणाली, “राहू दे. दमलेल्या माणसाला कशाला उघडं पाडतोस. लेकीकडे निघालाय बहुतेक. पण लेकीकडे जाताना असं तोंड? हा घाबरलाय.” कल्लाप्पा म्हणाला, “लेकीला कोण घाबरतं?” ती म्हणाली, “ज्यानं काही करून ठेवलंय तो.”

सुखदा, मी तीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवरून लेख पाडतो. माझा चेहरा एका बाईनं चहा गाळता गाळता वाचून टाकला. मी म्हणालो, “स्वल्प भय इदे, अक्का.” थोडी भीती आहे. अकरा वर्षांनी तोंडातून निघालेली कानडी ती ही. मला वाटलं, आता पीण्यातले भोंगे वाजतील, निदान कल्लाप्पा तरी हसेल. काही झालं नाही. गंगव्वा “सरी”, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि तिनं माझ्या ग्लासात आणखी अर्धा चहा ओतला. मग म्हणाली, खाली पडलेलं बाळंतिणीला द्यायचं नाही, डब्यात राहिलेत तेवढेच न्या. पडलेले लाडू कल्लाप्पा आणि त्याचे सोबती पुसून, हातोडीनं फोडून खाऊन गेले. चव चांगली आहे म्हणाले. मी पुढे तासभर कानडी बोलत बसलो, इतकं की शेवटी गंगव्वानंच गिऱ्हाइकं थांबलीत म्हणून मला उठवलं.

आता रेल्वेचं. गेल्या महिन्यात बारशाला मी आलो नाही, ताप आला होता, असं मी आईला कळवलं. ताप नव्हता. त्या सकाळी मी रेल्वेनं आलो होतो. इंदिरानगरला तुमच्या गेटाशी उभा होतो, हात कडीवर. ओसरीत महांतेश बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता, मला पाठमोरा. तो मराठीत बोलत होता. “नको रडू माझी बाई, तुझा आजोबा येणार आज, बेळगावचा, लई हुशार हाय.” कोणाकडून शिकला, कोणासाठी, ते मला विचारावं लागलं नाही. ज्याच्या बोलण्यावर मी दोन पानं हसलो होतो, तो माझी भाषा शिकून माझी वाट पाहत होता, आणि त्याची येत असूनही मी अकरा वर्षं तोंड शिवून बसलो होतो. मी कडी सोडली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलो. गाडीचं हेच वाईट, ती त्याच दिवशी परतही नेते. म्हणून सायकल. हिच्यावरून पळून जायचं तर पुन्हा नऊ दिवस, आणि गुडघा आता तेवढा उरलेला नाही. आणि म्हणून हे पत्र. कल्लाप्पा तुझ्याजवळच हलसूरला राहतो, वर्कशॉप सुटलं की इथून ते घेऊन घरी जाताना तुझ्या हातात देईल. मी येतोय हे तुला आधी कळलं, की मला कडी सोडता येणार नाही. उद्या रविवार. नऊ वाजता मी सायकलची घंटी दोनदा वाजवीन, तू लहान असताना गेट उघडायला वाजवायचो तशी. उघडायला जावईबापू आले तर अधिक बरं. त्यांची माफी त्यांच्याच भाषेत मागायचं नऊ दिवस मनात घोकतोय, आणि आज गंगव्वाला म्हणून दाखवल्यावर ती म्हणाली, लांबलंय, निम्मं करा. निम्मं केलंय.

गेटाबाहेरचा, तरी तुझाच,
बाबा