जाकिटाची कड

३ एप्रिल

जाकीट परत शिवणीत आत घ्यावं लागलं. या मोसमात तिसऱ्यांदा. स्नूकर खेळायचं तर पांढरा शर्ट, गळ्यात बो आणि वर काळं बिनबाह्यांचं जाकीट हवंच. खिशात काही नसलं तरी चालतं, जाकीट अंगाबरोबर पाहिजे.

जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला ओणवं केलं. हातात क्यूच्या काठीऐवजी छत्री दिली, आणि शॉट मारताना वाकतो तितकं पूर्ण वाकायला लावून पोटाखालून टाचण्या लावत गेले. पाठीला रुंद इलॅस्टिक घातलंय. वाकला की तेच पुढची कड पोटाशी ओढून धरतं. कपडा बॉलला नुसता चाटून गेला तरी फाऊल — लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट. माझ्या हातचं जाकीट कधी लोंबलेलं नाही.

लेक समोर अंडं सोलत होती. "आई, बाबा श्वास कुठून घेणार?"

"मॅच संपल्यावर घेतील."

हा हसला आणि टाचणी टोचली. ओणव्या माणसाची पाठ नीट दिसते. शर्टातून मणके वर आलेत. मला एकदम राग आला. कोणावर काढणार? दुसऱ्या टाचणीवर काढला. वाकडी झाली ती.

७ एप्रिल

कार्ड गेलं.

कार्ड म्हणजे व्यावसायिक म्हणून खेळायचा दोन वर्षांचा परवाना. पहिल्या चौसष्टांत असलात तर राहतं. हा एकोणसत्तरावा. आता मे महिन्यात पात्रता फेरी. तिथे कोवळ्या पोरांच्या रांगेत उभं राहून एकेक मॅच जिंकत शेवटपर्यंत गेला, तर आणखी दोन वर्षं. नाही तर संपलं.

एकोणसत्तरावा! जगात! जगातला एकोणसत्तरावा दंतवैद्य कधी उपाशी राहिलाय का? एकोणसत्तरावा वकील बायकोला दुसऱ्यांच्या पँटी आखूड करायला पाठवतो का? आमच्या शहरातला एकोणसत्तरावा न्हावीसुद्धा वर्षातून एकदा बायकोला फिरायला नेत असेल.

हे त्याच्यासमोर म्हणाले नाही. कधीच म्हणत नाही. इथे म्हणते.

१० एप्रिल

स्नूकर संघटनेचे अध्यक्ष टीव्हीवर. गुलाबी गाल, मागे फुलदाणी. "खेळाची आर्थिक तब्येत ठणठणीत आहे. बक्षिसांची एकूण रक्कम इतकी कधीच नव्हती."

एकूण! या एका शब्दावर अध्यक्षांचं पोट चालतं. वरचे दहा-बारा जण मोटारी बदलतात, आणि खालचे पदरचं तिकीट काढून परदेशी जातात, पदरच्या पैशांनी हॉटेलात राहतात, पहिल्या फेरीत हरतात आणि पदरचं तिकीट काढून परत येतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ही कसली तब्येत? डोकं लठ्ठ आणि पाय काड्यांचे. असा माणूस दवाखान्यात गेला तर डॉक्टर आधी खुर्ची देईल.

मी टीव्हीशी भांडत होते. हा शर्टाची कॉलर ब्रशने घासत म्हणाला, "त्याला स्पॉन्सर आणायचेत ग. तब्येत वाईट आहे म्हणून कसं सांगेल?"

"तू त्याची बाजू घे."

"त्याची नाही. खेळाची घेतोय."

कसला खेळ! आधी सिगारेटवाल्यांनी पोसला, मग सट्टेवाल्यांनी. म्हातारा होईपर्यंत व्यसनांच्याच पैशांवर जगलेला खेळ — आणि गळ्यात बो लावून सभ्यपणा मिरवतो. गेल्या वर्षी दोन पोरं मॅच मुद्दाम हरायचे पैसे घेताना सापडली. बंदी आली. विशीतली पोरं. चुकलीच ती, पण ज्यांनी त्यांना वर्षभर उपाशी ठेवलं त्यांच्यावर कोण बंदी घालणार? मी असं म्हटलं की हा उठून दुसऱ्या खोलीत जातो. हा विषय त्याला सहनच होत नाही. लेकीबरोबर पत्ते खेळतानासुद्धा "थांब, मला तुझं पान दिसलं" म्हणून डाव सोडणारा माणूस.

छातीवर गादीवाल्याचा बिल्ला आहे. तो आमचा एकमेव स्पॉन्सर. मागच्या मोसमात पैशांऐवजी दोन उशा पाठवल्या. चांगल्या आहेत उशा.

१५ एप्रिल

हॉल बंद होतोय. हा जिथे पंचवीस वर्षं रोज सराव करतो, तो. बाराची आठ टेबलं झाली, आठाची तीन, आता शून्य. जागेत व्यायामशाळा येणार.

संध्याकाळी त्याचा डबा राहिला होता तो द्यायला गेले. हॉलवाले काका टेबलं खोलत होते. हिरवं कापड काढलं की खाली दगड — एका टेबलाला पाच फरशा, एकेक उचलायला चार माणसं. लोकांना वाटतं, स्नूकर म्हणजे कापड आणि रंगीत बॉल. खाली एवढा दगड असतो हे कोणाला दिसतच नाही.

"कोणी घेतंय का?" मी विचारलं.

"टेबल म्हणून कोणी नाही. एकाला बागेत पायवाट करायचीय, तो दगड नेतोय." काका हसले. "मास्तरांनी ज्यावर एका पाळीत एकही गुण न सोडता एकशे सत्तेचाळीस काढले ना, त्याच्यावर आता कुत्रं चालेल."

हॉलमध्ये सगळे याला मास्तर म्हणतात. मास्तर कोपऱ्यात उरलेल्या एका टेबलावर एकटेच लाल बॉल मांडत होते. काकांना महिनाअखेरपर्यंत ते टेबल ठेवायला सांगितलंय. काकांनी पैसे घेतले नाहीत. मला ते जास्त लागलं.

२१ एप्रिल

लेकीला प्रवेश मिळाला! फिजिओथेरपी, हव्या त्याच कॉलेजात. सकाळी मी तिला मिठी मारली आणि संध्याकाळी फीचा आकडा पाहिला.

जेवताना तीच म्हणाली, अगदी सहज, मीठ मागावं तसं — "मी वर्षभर थांबते ना. दोन वर्षं थांबले तरी काही बिघडत नाही. बाबांचं कार्ड होऊ दे आधी. मी औषधाच्या दुकानात बोलून आलेय, काउंटरवर घेतायत."

मी म्हटलं, बघू. हा शेजारी उभा राहून शर्टाला इस्त्री करत होता. इस्त्री एका जागी राहिली. वास आल्यावर उचलली. पांढऱ्या शर्टावर पिवळं त्रिकोणी नाक उमटलं.

सतरा वर्षांच्या पोरीने हे शहाणपण कुठून आणलं? आमच्याकडूनच. लाज वाटते.

२२ एप्रिल

डाग निघाला नाही. जाकिटाखाली झाकला जाईल.

९ मे

गेला. दोन शर्ट, क्यूची पेटी, उकडलेली अंडी. नणंदबाई स्टेशनवर आल्या होत्या. म्हणाल्या, "या वेळी तरी तोंड हसरं ठेव ग. त्याला बळ येतं."

माझं तोंड आता त्यांना हसरंसुद्धा हवंय.

१३ मे

दोन मॅच जिंकला. मोबाईलवर नुसते आकडे येतात, चित्र नाही. पडदे लावून केलेल्या खोपट्यांत पात्रता फेरीची टेबलं. प्रेक्षक म्हणून कोणाची तरी आई. दुकानात एका बाईच्या कोटाचं अस्तर लावत होते, पायाशी मोबाईल. मालकीणबाई म्हणाल्या, "आज अस्तर उलटं लागलंय." उलटं लागलं होतं.

१६ मे

आणखी दोन. उद्या शेवटची. उद्या जिंकला की कार्ड.

जिंकावा असं वाटतंय. खरंच वाटतंय. आणि जिंकला तर पुन्हा दोन वर्षं तेच — तिकिटं, हॉटेलं, अंडी. हे दोन्ही एकाच पोटात कसं राहतं माझ्या?

१७ मे

लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

शेवटची मॅच कॅमेऱ्यावर दाखवली. आम्ही दोघी सोफ्यावर. समोर एकोणीस वर्षांचं पोर. बरोबरी, बरोबरी, करत शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव. टेबलावर निळा, गुलाबी, काळा एवढेच उरले. हा पुढे होता. निळा घातला की पोराच्या हातात काही राहत नव्हतं. आणि निळा तर सरळ रेषेत, भोकाच्या तोंडाशी. मी छत्रीने घातला असता!

गुलाबीवरून हात लांबवून वाकला. क्यू पुढे-मागे, पुढे-मागे. बराच वेळ. लेकीने माझा दंड धरला होता.

मग उभा राहिला. पंचाकडे वळून म्हणाला, "फाऊल. जाकिटाची कड गुलाबीला लागली."

पंचाने काही पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्यात काही दिसलं नव्हतं. त्या पोरालासुद्धा कळेना, तो खुर्चीतून उठायला तयार नव्हता. पंचाने दोनदा विचारलं. हा दोनदा "हो" म्हणाला. गुण पोराला, पाळी पोराची. त्याने निळा घातला, गुलाबी घातला, काळा घातला. हस्तांदोलन. संपलं.

खेळाचा दंडकच तो — आपला फाऊल आपण सांगायचा. माहीत आहे मला. पण कोणी पाहिलं नव्हतं! हरिश्चंद्राच्या बायकोचं काय झालं ते कोणी विचारतं का?

लेक म्हणाली, "बाबा ग्रेट आहेत ना?" आणि रडायला लागली. मी भांडी घासायला गेले. घासलेलीच होती. पुन्हा घासली.

१९ मे

ती चित्रफीत जगभर फिरतेय. लाखो लोकांनी पाहिली. "खेळाचा आत्मा जिवंत आहे" — अध्यक्ष. आत्मा तुम्हाला मोफत पडला हो!

नणंदबाईंचा फोन. "ऊर भरून आला माझा. तुला अभिमान वाटायला हवा."

"वाटतोय. फी अभिमानाने भरतात का तेवढं कॉलेजात विचारते."

त्यांनी फोन ठेवला. ठेवू दे.

२० मे

आला. मी बोलले नाही. जेवला, झोपला. खूप झोपला — बाळंतीण झोपते तसा. इतक्या वर्षांत त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्याचाही राग आला.

२६ मे

संघटनेकडून फोन. सचोटीचा पुरस्कार. काचेची बाहुली. समारंभ परदेशात, आणि फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "प्रवासाची व्यवस्था मात्र आपली आपण करायची हं."

हसू आलं. मग हसू थांबेना. लेक पाणी घेऊन आली.

हा म्हणाला, "नाही जमणार म्हणून सांग त्यांना." मग म्हणाला, हॉलवाल्या काकांच्या भावाचा सामान वाहायचा धंदा आहे, ट्रक चालवायला माणूस हवाय, सोमवारपासून जातोय. आणि लेकीकडे न बघता, "फीचा पहिला हप्ता कधी आहे?"

क्यूची पेटी माळ्यावर ठेवली त्याने. स्वतः स्टूल आणून.

३० मे

गादीवाल्याचा फोन. एवढं नाव झालंय तर समारंभाला मोठा बिल्ला लावू, दुप्पट आकाराचा. मी सांगितलं, समारंभ नाही आणि बिल्लाही नाही, काढून पाठवते.

म्हणून जाकीट मांडीवर घेतलं. बिल्ल्याचे टाके उसवले. मग सवयीने कडेवरून बोट फिरवलं. पाठीचं इलॅस्टिक ओढून पाहिलं. घट्ट आहे. माझंच काम.

बिल्ला पाकिटात घातला. जाकीट कपाटात ठेवलं नाही.

१ जून

लेक बाहेर गेली तेव्हा जाकीट त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, घाल. बटणं लाव. वाक.

कागदी मापांवर वजन म्हणून ठेवते तो जुना गुलाबी बॉल टेबलावर त्याच्या पोटाखाली ठेवला. काही न विचारता त्याने छत्री घेतली आणि पूर्ण वाकला, त्या दिवशी वाकला होता तितकाच. बॉल आणि कड यांच्यामधून माझी चार बोटं आरपार गेली.

"पैसे घेतलेस?"

त्याने मान वळवून पाहिलं. हे मी विचारायला नको होतं.

"ती अजून दोन वर्षं काउंटरवर उभी राहिली असती," तो म्हणाला. "आणि तू काही बोलली नसतीस."

अजून वाकलेलाच होता.

"निळा चुकवायचा होता. हात ऐकेना ग. म्हणून तोंडाने चुकलो."