तीर्थातला भुईआवळा

मंगळवार, दिवेलागणीनंतर

यांची लिव्हरच्या कॅन्सरची गोळी सुरू झाली, तेव्हापासून मी रोज तीर्थात भुईआवळ्याचा रस घालतेय, लिव्हरला चांगला म्हणून. काढा दिला तर मोरीत ओततात. तीर्थाला नाही म्हणत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं होतं, "आणखी काही देता का?" मी नाही म्हटलं.

आज फार्मसी शिकणाऱ्या भाचीला फोनवर सहज विचारलं. म्हणाली, "मावशी, झाडपाल्यातली काही द्रव्यं कॅन्सरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतात, काजात बटण बसावं तशी, आणि तिची वाढ रोखतात. पण ते प्रयोगशाळेतल्या बशीत! काकांच्या पोटात, त्या गोळीसोबत काय होईल, कुणाला ठाऊक? तू देत नाहीस ना?"

मी फोनच ठेवला. परवापासून यांचे डोळे पिवळे दिसताहेत, ते माझ्यामुळे? देवाच्या पळीतून मीच...?

संध्याकाळी यांनी सवयीने तळहात पुढे केला. नुसतं पाणी घातलं. ओठ पुसत म्हणाले, "आज कडू नाही गं. देव प्रसन्न दिसतोय."

म्हणजे रोज कडू लागत होतं, आणि देवाचं म्हणून गिळत होते. उद्या डॉक्टरांना सगळं सांगणार. पण त्याआधी यांना सांगायला तोंड कुठून आणू?