डावखुऱ्या पिचरची वाटणी

मी, उत्सुनोमिया तेइजी, वय चौऱ्याहत्तर, राहणार यावाताहामा, एहिमे, धंदा संत्र्यांची बाग, आणि त्याआधी दोन हंगाम व्यावसायिक बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपखुशीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. अक्षर वाईट आहे, डोके ठीक आहे. पत्नीचे याबाबत वेगळे मत असल्यास ते ग्राह्य धरू नये.

कलम १. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक पत्नी तामाए हिला. संघाने मला काढले तेव्हा मी गावी परतलो, पण घरी जायची छाती होईना. दोन वर्षांपूर्वी याच गावाने मला बँड लावून निरोप दिला होता. म्हणून बंदरावर जाऊन बेप्पूची बोट धरली. पलीकडे उतरलो, तीच बोट धरून परत आलो आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "तुम्हाला बोट फार आवडते, की घर फार नावडते?" मी खरे ते सांगितले. तिने विचारले, "आमच्या बाबांना संत्री तोडायला माणूस हवाय. हात किती वर जातो?" मी दाखवला. म्हणाली, "खालच्या फांद्यांना पुरेल." वरच्या फांद्या ती आजतागायत स्वतः बघते.

कलम २. डोंगरउतारावरची बाग, अवजारांसह, मुलगी कोनोमी हिला. ओसाकाहून येणे जमत नसेल तर तिने खुशाल विकावी. मी भूत होऊन येणार नाही. मात्र दुसरीत असताना तिने निबंधात "माझे बाबा पूर्वी हरायचे काम करत" असे लिहिले होते, त्याची दुरुस्ती येथे करतो. मी चौदा सामन्यांत उतरलो. पाच हरलो, एक जिंकलो, उरलेल्यांचा निकाल माझ्या नावावर लागला नाही.

कलम ३. माझा ग्लोव्ह गावच्या शाळेच्या संघाला. काचेच्या कपाटात ठेवू नये. एखादी डावखुरी मुलगी असेल तर तिला आधी द्यावा.

कलम ४. चौकातल्या ताकेची नावाच्या न्हाव्याने माझा फोटो दुकानात आरशाच्या वर लावला होता, आणि मला काढल्याची बातमी आली त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या आत उतरवला. न्हावी आता नाही, दुकान मुलगा चालवतो. त्याला तोच, पुढे माझ्याकडे परत आलेला फोटो आणि एक नवा खिळा देत आहे. एक वर्ष लावावा. पुढे त्याची मर्जी.

कलम ५. कुरोसे बांजी, माझा कॅचर, म्हणजे माझे चेंडू झेलणारा, संघाच्या वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारा, हल्ली ओनोमिचीत ओकोनोमियाकीच्या धिरड्यांचे दुकान चालवतो. त्याला काही द्यायचे नाही. त्याच्याकडून एक गोष्ट काढून घ्यायची आहे.

माझा एकुलता एक विजय सप्टेंबरातला. नववा म्हणजे शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे दोन गडी बाद, तिसरा हवा, तिन्ही बेसवर त्यांचेच धावणारे. खांद्यात बराच वेळ काहीतरी करकरत होते. कुरोसे मुखवटा वर करून माझ्याजवळ आला.

"खांदा गेलाय तुझा. मॅनेजरसाहेबांना सांगतो, दुसरा येऊ दे."

"सांगितलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

तो बुटाने माती सारखी करत उभा राहिला. मग मुखवटा ओढून परत गेला. त्यानंतर मी चार चेंडू टाकले. शेवटच्याला फलंदाजाने बॅट फिरवली तेव्हा चेंडू कुरोसेच्या हातात पोचला होता. मला उचलायला सगळे धावले आणि मी जो ओरडलो तो आनंदाने, असे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आले. तो हात नंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात कुरोसे येतो, टोपलीभर संत्री खातो आणि साकेचा तिसरा पेला झाला की म्हणतो, "मी सांगायला हवं होतं." मी विषय बदलतो. म्हणून लिहून ठेवतो. निर्णय माझा होता. ते चार चेंडू माझे. आज तीच वेळ आली तरी मी तेच म्हणेन. कुरोसेने हा अपराध माझ्या नावावर करून द्यावा; तो मी बरोबर नेणार आहे.

साक्षीदारांची कायद्याला गरज नाही, मला होती. म्हणून दोघांना बसवून हे वाचून दाखवले. शेजारीण ओची यासुको यांना कलम चार फार आवडले. कुरोसेने चष्मा पुसला, कागद मागून घेतला, कलम पाच स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाला, "पाच होते. तिसरा फाउल गेला, बॅटला लागून रेषेबाहेर. तू टाकत होतास, मोजत मी होतो."

दुरुस्ती: कलम ५ मध्ये दोन ठिकाणी "चार" ऐवजी "पाच" वाचावे. कुरोसेचे म्हणणे मान्य. त्यालाही माझे मान्य आहे, असे त्याने सही करताना सांगितले.

उत्सुनोमिया तेइजी (सही व शिक्का)
साक्षीदार: कुरोसे बांजी, ओची यासुको
यावाताहामा, २० नोव्हेंबर २०२५